घाम फुटलेली भिंत

तनुजाने शुक्रवारी सकाळी तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर प्लास्टिकचा एक तुकडा चिकटवला आणि तेव्हापासून इढोळ्यांच्या घरात दोन पक्ष पडले. एक पुढचा आणि एक मागचा.

तुकडा हातभर लांब, हातभर रुंद, आरपार दिसणारा. चारही कडांना चिकटपट्टी. तनुजा पंजाबरावांची एकुलती एक मुलगी, अमरावतीला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सुटीत घरी आली तर तळघरात कुबट वास आणि काकूच्या हातात लोबानचं भांडं. तिने कोणाला न विचारता भिंतीवरचा एक बोर्ड उचकटला, मागे भरलेली ओली काचेची लोकर ओढून काढली, भिंत पुसून पंखा लावून वाळवली आणि वर हा तुकडा लावला.

"दोन दिवस कोनी हात नाई लावायचा," ती म्हणाली होती. "रविवारी पाहू. थेंब प्लास्टिकच्या मांगून, भितीकडून आले, तर पानी बाहेरच्या मातीतून भितीत येऊन राह्यलं. थेंब पुढून, आपल्या बाजूनं आले, तर खोलीतल्या हवेतली वाफ थंड भितीवर बसून राह्यली. दोघाइचा इलाज येगळा हाय."

ती बोलली इलाजाबद्दल. घरच्यांनी ऐकलं ते गुन्हेगाराबद्दल. पाणी मागून आलं तर दोष घर बांधणाऱ्याचा, म्हणजे पंजाबरावांचा. पुढून आलं तर दोष खाली राहणाऱ्यांचा, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या, बबनरावांच्या कुटुंबाचा. शुक्रवारी दुपारपर्यंत स्वयंपाक वेगळा झाला नव्हता एवढंच. बाकी वाटणी पूर्ण होती. शनिवारी पंजाबराव दाढी करायला गेले, तर न्हाव्याने वस्तरा गळ्यावर ठेवून विचारलं, "मंग भाऊ, पुढून का मांगून?"

"पुढून," पंजाबराव म्हणाले. वस्तरा गळ्यावर असतानाही त्यांचा आवाज हलला नाही.

पंजाबराव इढोळे एकसष्ट वर्षांचे. मालेगाव रोडला विहिरीच्या पाण्यावरची बागायत, वांगी, भेंडी, कोथिंबीर, हिवाळ्यात फुलकोबी. वाशिमच्या बाजारात त्यांच्या फुलकोबीची वाट पाहणारे लोक होते. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून चूक म्हणून झाली नव्हती. रोपं मेली तर बियाणं खराब, लग्न मोडलं तर भटजी खराब, आणि एकदा बैल हरवला तेव्हा खुंटा खराब होता.

शिरपूरला तळघर असलेलं हे त्यांच्या माहितीतलं पहिलंच घर. अकोल्याला कोण्या सिमेंटवाल्याच्या बंगल्यात भर मे महिन्यात ते तळघरात बसून चहा प्यायले होते आणि त्यांना अंगावर शाल घ्यावीशी वाटली होती. परत आले ते तळघर घेऊनच. मंदिराच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू आपल्या घरासमोर थांबून बोट दाखवतात, असं ते पाहुण्यांना सांगत. यात्रेकरू तिथे एसटीसाठी थांबत.

चैत्रात बबनरावांच्या स्वप्निलचं लग्न झालं. भर मांडवात पंजाबरावांनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "खालचा अख्खा मजला नवरदेव-नवरीले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बबनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मजला खरंच पाहण्यासारखा होता. भिंतीपासून चार बोटं सोडून लाकडी पट्ट्यांची चौकट, चौकटीत उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून काचेच्या लोकरीच्या गाद्या, वरून पांढरे बोर्ड, आणि त्यावर बर्फाच्या डोंगरांचा वॉलपेपर. वैजयंती, म्हणजे नवी सून, पहिल्या दिवशी त्या डोंगरांसमोर उभी राहिली तेव्हा जिजाबाईंनी, म्हणजे पंजाबरावांच्या बायकोने, नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याने छताकडे.

जुलैत तिला खोकला सुरू झाला. ऑगस्टात बर्फाच्या डोंगरांवर पायथ्यापासून हिरवळ चढायला लागली. रंगूबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, पहिले आठ दिवस ती चित्रातलीच वाटली. मग हिरवळ काळी पडली. स्वप्निलने एसी अठरावर लावला, तर बोर्डांच्या खिळ्यांतून गंज ओघळला. वाशिमच्या डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, "घरात ओल आहे का?" आणि पंजाबराव स्वप्निलच्या आधी म्हणाले, "नाई." पोळ्याला वैजयंती किन्हीराजाला माहेरी गेली ती परत आलीच नाही. निरोप मात्र आला. भिंत वाळली की येतो.

रविवारी अकरा वाजता तिचे वडील किशनराव स्वतः येणार होते. त्यांच्यासमोर प्लास्टिक पाहायचं ठरलं होतं.

त्या रविवारी आठ वाजता जिजाबाई अंगणात भांडी घासत होत्या, तनुजा आंघोळीला गेली होती, आणि पंजाबराव खांद्यावर दुपट्टा टाकून तळघराच्या पायऱ्या उतरले. त्यांना फक्त पाहायचं होतं, असं त्यांनी पहिल्या पायरीवर स्वतःला सांगितलं. चौथ्या पायरीवर त्यांनी ठरवलं की चिकटपट्टीचं एक टोक हळूच उचलून, मागून दुपट्टा फिरवून, परत दाबून द्यायचं. दोन मिनिटांचं काम. शेवटच्या पायरीवर त्यांना दिसलं की भिंतीसमोर बबन उभा आहे आणि त्याच्या हातातही दुपट्टा आहे.

दोघं भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले.

"काहून आलास?" पंजाबरावांनी विचारलं.

"तू काहून आलास, दादा?"

"म्या मालक हाव घराचा."

"माहा पोरगा राह्यतो इथी."

पंजाबराव पुढे झाले. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला, थेंब असे दाटले होते की खालच्या कडेला पाण्याची बारीक पन्हाळ झाली होती. ते त्यांना अपेक्षितच होतं. पण प्लास्टिकच्या पुढच्या बाजूलाही थेंब होते, आणि अर्ध्या भागात ते नुकतेच कोणीतरी पुसले होते.

"पुढून पुसून राह्यला होतास," ते म्हणाले.

"अन् तू मांगून पुसाले आला होतास."

पंजाबराव सोफ्यावर बसले. लग्नात आलेला सोफा. ओलीने त्याची फळी फुगली होती आणि बसलं की तो कण्हल्यासारखा वाजत असे. बबनराव जरा वेळ उभे राहिले, मग तेही बाजूला बसले.

"दोन्हीकडून येऊन राह्यलं," बबनराव म्हणाले. "पुढचं आमचं हाय. भितीच्या वर दोन झरोके होते ना हवेसाठी, ते म्या इटा लावून बंद केले. एसीची हवा जाऊन राह्यली म्हणे पोरगा. अन् कपडे बी खालीच वाळवतो आमी. पानी जाईन कुठी."

"मले मालूम हाय."

"मंग बोलला काहून नाई?"

पंजाबराव दुपट्ट्याची घडी घालू लागले. बोलले नव्हते, कारण झरोके बंद होते हे त्यांच्या कामाचं होतं. उद्या कोणी विचारलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा होती.

"दादा, एक ईचारू? खड्डा खंदला तेव्हा सेवालाल तुले काय म्हणे? म्या टॅक्टरपाशी होतो. अर्धंच आयकू आलं."

सेवालाल गवंडी तांड्यावरचा, तीस वर्षं पाया घालणारा माणूस. तो काय म्हणाला होता ते पंजाबरावांना शब्दन् शब्द आठवत होतं. सेवालाल म्हणाला होता, भाऊ, ही काळी माती हाय, पावसाळ्यात पानी पिऊन फुगते अन् महिना महिना सोडत नाई. भितीले बाहेरून डांबर मारा, बुडाशी छेदाचा पाइप टाका, गिट्टी-मुरूम भरा, मंग वरून माती लोटा. पंधरा दिवस द्या मले. आणि पंजाबराव म्हणाले होते, अक्षय तृतीयेची वास्तू हाय, पत्रिका वाटल्या, लोट माती. खड्ड्यातून निघालेली तीच काळी माती भिंतीशी परत लोटली. वर गच्चीचा पाइपही त्याच कोपऱ्यात सोडला, कारण समोरून तो बरा दिसत नव्हता.

हे त्यांनी बबनला सांगितलं. सांगताना नजर भिंतीवर होती. बबनराव ऐकत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "चूक कोनाचीबी होते, दादा. तुले काय मालूम, भित अशी पाझरंन."

आणि इथे पंजाबरावांना पहिल्यांदा बसल्या जागी घाम आला. कारण त्यांना मालूम होतं. पहिल्या पावसाळ्यात, बोर्ड लागायच्या आधी, ते एकटेच खाली उतरले होते. उघडी भिंत कंबरेपर्यंत काळपट झाली होती आणि कोपऱ्यात पाणी साचलं होतं. तोवर ते गावभर सांगत होते की मी म्हातारपणी तळघरात राहणार. त्या दिवसानंतर त्यांनी हे सांगणं बंद केलं. हिवाळ्यात अकोल्याचा इंटिरियरवाला बोलावला आणि भिंत झाकली. मग पुतण्याचं लग्न ठरलं आणि त्यांना एकाएकी मोठं मन झालं.

हे त्यांनी बबनला सांगितलं नाही. ते उठले, म्हणाले, "दोघाइनबी काई पुसाचं नाई," आणि वर गेले.

अकरा वाजता किशनराव आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, सोबत वैजयंती. ती ओसरीवरच बसली. जिजाबाईंनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि पाठीवरून हात फिरवला. किशनराव मात्र व्याह्यांशी बोलायचं ठरवून आले होते.

"इवाई, पोरगी माही खोकून खोकून अर्धी झाली," ते म्हणाले. "आमच्या घरी पंधरा दिवसात खोकला गायब. आता तुमीच सांगा."

"आमच्या घरी वलच नाई," रंगूबाई म्हणाल्या. "हवाच दमट हाय यंदा साऱ्या जिल्ह्याची."

"जिल्ह्याची हवा किन्हीराजाले बी येते, ताई."

"किन्हीराजा उंचावर हाय," रंगूबाई म्हणाल्या. सकाळपर्यंत त्या जिजाबाईंशी बोलत नव्हत्या. आता पाटावर त्यांच्याच शेजारी सरकून बसल्या होत्या. बाहेरचा माणूस आला की इढोळ्यांचं घर एक होत असे. किशनरावांची पाठ फिरली की ते परत दोन होणार, हेही ठरलेलंच होतं.

सगळे खाली उतरले, वैजयंती आणि जिजाबाई सोडून. स्वप्निलने मोबाइलचा टॉर्च लावला. तनुजाने तुकडा पाहिला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"पुढून बी हाय, मांगून बी हाय," ती म्हणाली. "अन् पुढून कोनी तरी पुसलं हाय."

बबनराव खाली पाहू लागले. रंगूबाई म्हणाल्या, "पुढून हाय म्हंजे आमचं. मांगून हाय म्हंजे भाऊजीचं. बरोबर झालं. आता कोनी कोनाले बोलू नये."

"असं निम्मं निम्मं नसते, काकू," तनुजा म्हणाली. "मांगचं पहिले बंद करा लागते. बाहेरून खंदून, डांबर मारून, पानी काढून द्या लागते. आतून काई बी लावा, भित मांगून पानी पितच राहीन. हे लाकूड अन् ही लोकर, सारं सडलं हाय. बोर्ड काढले का दिसंन."

"बोर्ड कायले काढता?" पंजाबराव पटकन म्हणाले.

किशनरावांनी तेवढ्यात एका बोर्डाची सुटी कड धरली आणि ओढली. हातभर तुकडा त्यांच्या हातात आला, ओल्या भाकरीसारखा. मागे लोकर काळी पडली होती आणि लाकडी पट्टीवर बुरशीचा पांढरा कापूस वाढला होता. ज्या भिंतीशी वैजयंतीचा पलंग होता, तीच ही भिंत.

किशनराव तो तुकडा हातात घेऊन उभे होते आणि त्यांना तो कुठे ठेवावा कळत नव्हतं.

"इवाई," ते शेवटी म्हणाले, "म्या भांडाले नाई आलो. फक्त एक सांगा. पोरगी इथी दिली तेव्हा हे मालूम होतं का नाई कोनाले?"

"नाई," बबनराव म्हणाले. "कोनालेच नाई. दादाले काय सपन पडते का?"

धाकटा भाऊ मोठ्यासाठी खोटं बोलला असता, तर पंजाबरावांना पचलं असतं. पण बबन खरं समजून बोलत होता. सकाळी त्याने सेवालालचं सगळं ऐकलं होतं आणि त्यातून त्याने मोठ्या भावाबद्दल वाईट काही काढलंच नव्हतं. पंजाबरावांनी वर पाहिलं. पायऱ्यांच्या तोंडाशी वैजयंती येऊन उभी होती, पदर नाकाशी धरून. तिच्यामागे जिजाबाई होत्या, आणि जिजाबाईंच्या चेहऱ्यावर तेच होतं जे वैजयंती पहिल्यांदा डोंगरांसमोर उभी राहिली तेव्हा होतं. म्हणजे बायकोलाही माहीत होतं. पावसाळ्यात त्यांच्या धोतराच्या काठाला लागलेला चिखल तिनेच धुतला असणार.

"मले मालूम होतं," पंजाबराव म्हणाले.

तनुजाने मान वळवली.

"पहिल्या पावसाळ्यातच पाह्यलं होतं म्या. कंबरेएवढं वलं होतं. सोता खाली राहाचं होतं मले, ते पाह्यलं अन् इचार बदलला. मंग झाकून घेतलं. अन् पोराले देऊन टाकलं." ते थांबले. "माइकवर."

रंगूबाई हळूच पंजाबरावांपासून एक पाऊल दूर झाल्या. बबनराव भावाकडे पाहत होते, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये तसं. स्वप्निलने टॉर्च बंद केला, मग सगळ्यांना अंधार झाला म्हणून परत लावला.

पंजाबरावांना वाटलं होतं, आता किशनराव शिव्या देतील आणि पोरीला घेऊन जातील. किशनरावांनी बोर्डाचा तुकडा खाली ठेवला आणि हात पुसले.

"इवाई," ते म्हणाले, "आमच्या नव्या हॉलचं छत सहा वर्सांपासून गळते. म्या खालून पीओपी मारून फुलं काढली. वैजूले पाह्याले आले तेव्हा तुमाले तिथीच बसवलं होतं. तुमी वर पाहून म्हनले होते, काय सुंदर काम हाय." त्यांनी तनुजाकडे पाहिलं. "पोरी, ते छताचं बी असं प्लास्टिकवानी काई अस्ते का?"

"छताले प्लास्टिक नाई लागत, काका," तनुजा म्हणाली. "ते गळतंच हाय ना, मंग पाह्याचं काय राह्यलं?"

हसलं कोणी नाही. पण रंगूबाईंनी चहा ठेवते म्हणून सांगितलं, आणि त्या घरात चहा ठेवते म्हणणं ही तहाची भाषा होती.

वैजयंती पायरीवरून बोलली. लग्न झाल्यापासून तिने मोठ्या सासऱ्यांसमोर केलेलं ते पहिलं लांब वाक्य. "मोठेबाबा, मी येतो. पन खाली नाई राह्यत. भित वाळली तरी नाई."

"नको राहू," जिजाबाई म्हणाल्या. "आमची खोली रिकामी करतो आमी. दुपारीच."

पंजाबरावांच्या खोलीला पूर्वेची खिडकी होती आणि खिडकीतून सगळी बागायत दिसत असे. त्या खिडकीविषयी ते काहीतरी बोलणार होते. जिजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी दुपट्टा खांद्यावर नीट केला.

दुपारी पलंग हलवला. एक बाजू पंजाबरावांनी धरली, दुसरी बबनरावांनी. दारातून तो निघेना, तेव्हा दोघं नेहमीसारखे एकमेकांवर ओरडले नाहीत. त्याची पंजाबरावांना जास्त भीती वाटली. बबनराव नंतर महिनाभर फक्त कामापुरतं बोलले.

पाऊस उघडल्यावर सेवालाल आला. उत्तरेच्या भिंतीशी त्याने पायापर्यंत चर खणला. काळी माती अजून ओली होती, फावड्याला चिकटत होती. गच्चीचा पाइप त्याने लांब शेताकडे वळवला. "पंधरा दिवस," तो म्हणाला, आणि बाकी काही म्हणाला नाही. पंजाबराव रोज चराच्या काठावर खुर्ची टाकून बसत. येणारा-जाणारा विचारी, "काय भाऊ, आता काय बांधून राह्यले?" पहिले दोन दिवस ते म्हणाले, "नवीन पद्धत हाय." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भित पाझरते. तेव्हा डांबर मारलं नव्हतं." विचारणारा पुढचं ऐकायला थांबलाही नाही, त्याला एसटी पकडायची होती. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण दोन वर्षं काय काय केलं, हे पंजाबरावांच्या मनात बराच वेळ घोळत राहिलं.

आतले बोर्ड, लाकूड, लोकर सगळं बाहेर गेलं. बबनरावांनी झरोक्यांच्या विटा स्वतः काढल्या. दिवाळीच्या सुटीत तनुजा आली, तिने भिंत तपासली आणि लिहून ठेवलं की पुढचा एक पावसाळा पाहायचा, मग फोमचे कडक तक्ते भिंतीला अंगासरशी चिकटवायचे, मध्ये हवेला जागा ठेवायची नाही आणि लाकूड तर अजिबात नाही.

दिवाळीच्या पाडव्याला पंजाबराव खाली उतरले होते, तेव्हा मागून वैजयंती आली. तळघरात ती पोळ्याला माहेरी गेल्यापासून पहिल्यांदाच उतरत होती. खोकला गेला होता. नागडी भिंत समोर होती, सिमेंटचे पोपडे, जुन्या ओलीचा नकाशा कंबरेपर्यंत चढलेला. तिने त्यावर तळहात टेकवला आणि तो काढून पाहिला.

"मोठेबाबा, ही कवा झाकनार?"

"एक पावसाळा तरी नाई."

"दिवाळीचे पाहुने येतीन. खाली पाह्यचं म्हनतीन सारे."

पंजाबरावांनी तिच्या शेजारी उभं राहून त्या डागांकडे पाहिलं.

"पाहू दे," ते म्हणाले. "कोनी ईचारलं त मले हाक मार. म्या सांगीन."